अकराव्या वर्षाचा कर्ता

छायाताईंचा मला पहिल्याच भेटीत राग आला. माझं ऑफिस म्हणजे सिंदी मेघेतल्या आमच्या घराची पुढची खोली. तिथे पक्षकार येतात, रडतात, पाणी पितात आणि मग मुद्द्याचं बोलतात. या बाई आल्या, खुर्चीच्या कडेवर बसल्या, पिशवीतून सत्र न्यायालयाच्या निकालाची प्रत काढून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, "वकीलबाई, माह्या पोरानं मारलं हे खरं आहे. पण सात वर्षं जास्ती होतात. ते कमी करायचे आहेत."

सोमवारच्या बाजारात वांग्यांचा भाव पाडायला निघाल्यासारखं त्या बोलत होत्या. मी म्हटलं, ताई, आधी वाचू तर द्या.

मुलाचं नाव अंकुश. गुन्हा घडला तेव्हा वय एकोणीस. पोळ्याच्या दिवशी गावातल्याच हेमराज नावाच्या माणसाला बांबूने मारलं, त्यात हेमराजचा उजवा डोळा गेला. खुनाच्या प्रयत्नाचा आरोप टिकला नाही, पण घातक हत्याराने गंभीर दुखापत केल्याचा टिकला. अटक झाल्यापासून मुलगा आतच होता. इथवर सगळं सरळ होतं. मग मी शिक्षेच्या परिच्छेदापाशी आले आणि माझं डोकं फिरलं. न्यायाधीशांनी लिहिलं होतं की आरोपीच्या आईनेच सांगितल्याप्रमाणे तो वयाच्या अकराव्या वर्षापासून घरचा कर्ता आहे, शेतीचे सगळे व्यवहार पाहतो, गावातली वडीलधारी मंडळीही त्याचा सल्ला घेतात. तेव्हा कोवळ्या वयाची सवलत त्याला देता येणार नाही.

"हे कोर्टात कोण बोललं?" मी विचारलं.

"मीच बोलली."

"काऊन?" रागात मीही माझ्या घरच्या बोलीवर आले.

"साहेबानं इचारलं, शिक्षेबद्दल काही सांगायचं आहे का. अंकुश मान खाली घालून उभा. वकील कागद चाळून राह्यला. मंग मीच उठली, हात जोडले. म्हटलं, पोराबद्दल चांगलं सांगावं. चांगलंच तं सांगतलं."

चांगलंच सांगितलं होतं, आणि तेच नडलं होतं. न्यायाधीशांना दोष द्यायला मला जागा नव्हती. समोर जे आलं ते त्यांनी लिहिलं. तरुण वय म्हणजे जन्मतारखेचा आकडा नव्हे, समज किती आली होती हे बघायचं असतं, असंच कायदाही म्हणतो. आणि समज भरपूर आली होती हे प्रत्यक्ष आईच हात जोडून सांगत होती. मी निकाल मिटला आणि म्हटलं, छायाताई, तुमच्या पोराला शिक्षा त्याच्या बांबूने झाली, पण ती लांबवली तुम्ही. हे बोलले आणि मलाच वाईट वाटलं. त्या मात्र हलल्या नाहीत. "मंग मीच आखूड करतो," म्हणाल्या. "काय करा लागते ते सांगा."

मला बाई आवडल्या त्या तिथे.

त्यांचं गाव हिंगणीच्या अलीकडे, बोरच्या कालव्याला लागून. माहेर आर्वीकडचं. नवरा धनंजय, कष्टाळू, अबोल माणूस. एका हिवाळ्यात हरभऱ्याला पाणी द्यायला गेला आणि मोटरीच्या स्टार्टरला हात लागला तो लागलाच. घरी तिशीतली बायको, अकरा वर्षांचा अंकुश आणि त्याहून बरीच लहान सुरभी.

आमच्याकडे तेरवीला, म्हणजे तेराव्याला, मामा पागोटं आणतो आणि मोठ्या मुलाच्या डोक्यावर बांधतो. ज्याच्या डोक्यावर पागोटं, तो त्या दिवसापासून घरचा कर्ता. चाळीस-पन्नास वर्षांच्या मुलाला ते शोभूनही दिसतं. छायाताईंचे भाऊ नत्थूजी पांढरं पागोटं घेऊन आले आणि त्यांनी ते अंकुशला बांधलं. ते भुवयांवर उतरलं. पंगतीतलं कोणीतरी फिसकन हसलं. छायाताई पुढे झाल्या, पागोटं काढलं, आत रुमालाची घडी घातली आणि स्वतःच्या हातांनी पुन्हा घट्ट बांधलं. या वेळी कोणी हसलं नाही.

ती घडी घालणारी बाई मला नीट कळली पाहिजे होती, म्हणून मी तिला खोदून खोदून विचारलं. उत्तर सरळ होतं. विधवेच्या नावावर शेत म्हटलं की बांध, आमच्याकडचा धुरा, सरकायला लागतो. ट्रॅक्टरवाला आज-उद्या करतो. दीर-पुतणे सल्ला द्यायला म्हणून येतात आणि सातबारा कुठे ठेवला ते विचारून जातात. "घरात माणूस पाहिजे होता," छायाताई म्हणाल्या. "अन् होता तो एवढुसाच. मंग त्यालेच मोठा केला."

केला म्हणजे खरोखर केला. बियाणं घ्यायचं असो की मळणीयंत्र बोलवायचं, बाईंचं एकच वाक्य: "अंकुशले इचारून सांगतो." लोक हसत, पण थांबत. खरं तर सगळं त्याच ठरवायच्या. संध्याकाळी चुलीपाशी बसवून उद्या कोणाला काय बोलायचं ते त्याच्याकडून घोटून घ्यायच्या, आणि दुसऱ्या दिवशी पोरगं ओट्यावर उभं राहून तेच आवाज जाड करून बोलायचं. पहिलं ताट त्याचं. पाहुण्यांत बाजेवर बसायचा मान त्याचा. गावातली पोरं शाळेमागे क्रिकेट खेळत तेव्हा हा पारावर म्हाताऱ्यांमध्ये बसून पऱ्हाटीवरच्या बोंडअळीबद्दल मान हलवायचा. दहावीनंतर शाळा सुटली, तेव्हा कोणाला त्याचं काही वाटलंही नाही. कर्त्याला कशाला शाळा?

बांध मात्र हलला नाही. एक वीतभरही नाही. छायाताई हे आजही ताठ मानेने सांगतात आणि मी ते ऐकून घेते, कारण ते खरं आहे.

आता पोळ्याचं. करोनाची दोन वर्षं पोळा भरला नव्हता, म्हणून त्या वर्षी गाव नुसतं उधाणलं होतं. आखरावर, म्हणजे गावाबाहेरच्या गुरांच्या मैदानावर, आंब्याच्या पानांचं तोरण, त्याखाली बैलजोड्यांची रांग. तोरण तुटण्याआधी आमच्याकडे झडत्या म्हणतात: कोणी एक जण पुढे होऊन मोठ्याने दोन-चार ओळी जुळवतो, त्यात कोणाची तरी फिरकी घेतो, आणि सारं गाव "हर हर महादेव" म्हणून ओरडतं. हेमराज हा गावचा झडतीवाला. पस्तिशीचा, तोंडाचा तिखट, मनाने वाईट नव्हे. अंकुश धनंजयच्या जागी जोडी घेऊन उभा होता. डोक्यावर तेच तेरवीचं पागोटं; छायाताईंनी सकाळी इस्त्री करून दिलेलं. हेमराजने त्याच्याकडे बघितलं आणि झडती फेकली:

"आठ हाताचं पागोटं, त्याच्याखाली पोट्टं;
बैलजोडी पुसून राह्यली, मालक गेला कोठं?"

पोट्टं म्हणजे पोरगं, हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. आणि मालक कुठे गेला तेही सगळ्यांना माहीत होतं. तरी आखर हसलं. लोक गर्दीत असले की असेच हसतात, मला त्यांची चीड येते, पण मीही हसले असते कदाचित. अंकुशने तोरणाचा एक बांबू उपटला आणि मारला. हेमराज पडला. अंकुशने पुन्हा मारला. डोळा गेला तो दुसऱ्या फटक्याने, पडलेल्या माणसावर मारलेल्या. हे मी कोणापासून लपवलं नाही, आणि इथेही लपवत नाही.

नागपूर खंडपीठात अपील करायचं ठरलं तेव्हा नत्थूजी माझ्याकडे आले. पांढरा सदरा, कपाळाला अष्टगंध, बोलणं वजनदार. त्यांचं म्हणणं, पोरगा निर्दोष सुटला पाहिजे. तो त्या वेळी तिथे नव्हताच असं सांगायला चार माणसं तयार आहेत.

"कुठं होता मंग?" छायाताईंनी विचारलं.

"ते ठरवू ना."

"दादा, साऱ्या गावानं पाह्यलं. बैलांनी पाह्यलं. आता तो नव्हता म्हणाचं? हेमराजचा डोळा का आपोआप गेला?"

"तू चूप राह्य. घराण्याचा प्रश्न आहे."

"घराणं माहं शेत निंदाले नाई आलं," छायाताई म्हणाल्या, आणि विषय तिथे संपला. नत्थूजी मला न सांगताच उठून गेले.

मी शिक्षेपुरतंच अपील केलं. दोष मान्य, शिक्षा जास्त. पक्षकाराला हे समजावताना वकिलांचा घाम निघतो. इथे पक्षकारानेच मला समजावलं होतं. तुरुंगात जाऊन मी अंकुशलाही विचारलं. जाळीपलीकडे मिशी राखलेला, छाती काढून उभा असलेला तरुण. म्हणाला, "मी केलं, मी भोगतो. मायले म्हणा रडू नको, मी घरचा मोठा आहे." त्याचा आवाज जाड झाला होता. चुलीपाशी घोटलेला तोच आवाज असणार.

त्या आठवड्यात मी वाचत बसले. इंग्लंडच्या अपील कोर्टाचा एक निकाल हाती लागला. त्यात म्हटलं होतं की अठरावा वाढदिवस म्हणजे काही कडा नव्हे की आदल्या रात्री पोर आणि सकाळी पुरा माणूस. माणूस सावकाश पिकतो, आणि शिक्षा ठरवताना कॅलेंडरापेक्षा ते पिकणं किती झालं होतं हे बघावं. मला इतका आनंद झाला की मी छायाताईंना फोन लावून वाचून दाखवलं.

त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तिकडं बी तेरवीले पागोटं बांधतात का वो?"

"नाही बांधत."

"मंग त्याईले कसं समजलं?"

 त्या प्रश्नात मला माझा मुद्दा सापडला. अंकुश लहान होता एवढं म्हणून भागणार नव्हतं. एकोणीस वर्षांचे आरोपी रोज येतात. मला सांगायचं होतं की गावाने त्याला मोठा केला आणि आतून वाढायला वेळच दिला नाही. कोणी पोरगा म्हटलं तर खऱ्या मोठ्या माणसाला हसू येतं. याला आलं नाही, कारण तो पोरगाच होता आणि ते उघडं पडू द्यायची त्याला परवानगी नव्हती.

खंडपीठाने सुनावणीआधी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवला. म्हणजे सरकारी अधिकारी गावात जाणार, घरी-दारी विचारणार, हा मुलगा कसा होता, कसा वाढला, आणि न्यायालयाला कळवणार. प्रेमदास नावाचे अधिकारी यायचे होते. मी सुटकेचा श्वास टाकला. फार लवकर टाकला.

कारण गाव छायाताईंवर मनापासून प्रेम करत होतं. अधिकारी येणार हे कळताच सगळ्यांनी ठरवून टाकलं की पोराबद्दल चांगलं सांगायचं. सरपंच म्हणाले, मी सांगतो, असा समजदार मुलगा पंचक्रोशीत नाही. किराणावाला म्हणाला, मी सांगतो, चाळिशीच्या माणसाला नसेल एवढी अक्कल त्याला. पहिल्या दिवशी प्रेमदास सर गावातून फिरून आले ते वहीभर हेच घेऊन. मी त्यांना भेटायला गेले तर ते म्हणाले, मॅडम, तुमचा पक्षकार तर आजोबाच दिसतो.

मी तडक गावात जाऊन छायाताईंवर ओरडले. त्यांची चूक नव्हती, पण ओरडायला दुसरं कोणी समोर नव्हतं. त्या ऐकत उभ्या राहिल्या. मग पदर खोचला आणि घराघरांत निघाल्या. मी मागे मागे. प्रत्येक दारात त्यांनी एकच सांगितलं: "सायबाले खरं सांगजा. माह्या पोराची तारीफ नका करू."

लोकांना ते पटेना. सरपंचांच्या बायकोने तर त्यांना खाली बसवून प्यायला पाणी दिलं. डोक्यावर परिणाम झाला असं तिला वाटलं असावं. "अवं छाया, आपल्याच पोराले लहान दाखवतं का?" ती म्हणाली. "एवढी इज्जत कमावली त्यानं."

"त्यानं नाई कमावली. मी कमावली, अन् त्याच्या डोक्यावर ठेवली," छायाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदा फाटला. "अकरा वर्षांच्या पोराच्या. आता मलेच उतरवू द्या."

दुसऱ्या दिवशी प्रेमदास सर त्यांच्या ओसरीत बसले आणि बाई बोलायला लागल्या. जे दहा वर्षं दाबून ठेवलं होतं ते सगळं. की तेरवीनंतर हा पोरगा किती तरी वर्षं माझा पदर मुठीत धरून झोपायचा आणि सकाळी पाहुणे उठायच्या आत हात काढून घ्यायचा. की पहिल्यांदा एकटा मोटर सुरू करायला गेला तेव्हा स्टार्टरसमोर उभा राहून त्याने चड्डीत केलं, आणि मी ती चड्डी कालव्यात धुतली, सुरभीलाही कळू दिलं नाही. की शाळेमागे क्रिकेटचा चेंडू पडला की पारावर बसलेल्या त्याची मान वळायची, आणि मी लांबून डोळे वटारायची. "मी त्याले रडू नाई दिलं, साहेब," त्या म्हणाल्या. "बाप मेला तेव्हाबी नाई. म्हटलं, कर्ता रडला तं घर बुडते."

नत्थूजी ओसरीच्या खांबाला टेकून उभे होते. मला वाटलं होतं ते मध्ये बोलतील. ते डोळे पुसत परसात निघून गेले.

राहिला हेमराज. अधिकारी त्याच्याकडेही जाणार होते. ज्याला लागलं त्याला विचारल्याशिवाय अहवाल पुरा होत नाही. आदल्या दिवशी छायाताई मला म्हणाल्या, मी जाऊन पाया पडतो. मी साफ नाही म्हटलं. जखमी माणसाच्या दारात आरोपीची आई गेली की तो दबाव ठरतो, आणि मग सगळं मातीत. त्यांना ते फार जड गेलं. हेमराजचं घर त्यांच्या वाटेवर; तीन वर्षं त्या तिथून मान खाली घालून गेल्या होत्या, एकदा तरी मान वर करून बोलायचं होतं. पण त्या गेल्या नाहीत. एवढं मोठं मन मी कमी बायकांचं पाहिलं आहे.

हेमराज काय बोलला ते आम्हाला थेट सुनावणीतच कळलं.

नागपूरला छायाताई मागच्या बाकावर बसल्या, नत्थूजी शेजारी. सरकारी वकिलांनी दुसऱ्या फटक्यावर बोट ठेवलं, आणि बरोबर ठेवलं. त्यांनी खालच्या कोर्टातलं आईचं बोलणंही वाचून दाखवलं: अकराव्या वर्षापासून कर्ता. मी मागे बघितलं नाही. मी उभी राहिले आणि म्हटलं, माय लॉर्ड, आई खरंच बोलली होती. तो अकराव्या वर्षापासून कर्ता होता. ते सवलत नाकारण्याचं कारण नव्हे, तेच सवलत देण्याचं कारण आहे. मग मी विलायतेतला तो कडा सांगितला, आपल्याकडचे निकाल सांगितले, तुरुंगातली वागणूक सांगितली. न्यायमूर्ती ऐकत होते, पण चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. शेवटी त्यांनी अहवाल उघडला आणि विचारलं, जखमी इसमाचं म्हणणं वाचलंत का?

अहवाल बंद पाकिटातून थेट कोर्टात आला होता. मला प्रत सकाळी मिळाली होती आणि घाईत मी ओसरीच्या पानांवरच अडकले होते. ती कबुली द्यायच्या आत न्यायमूर्तींनी स्वतःच वाचायला सुरुवात केली. प्रेमदास सरांनी हेमराजचं बोलणं त्याच्याच भाषेत लिहिलं होतं, एक शब्द न सुधारता.

"माहा डोळा गेला, तो काही येणार नाई. मी त्याले माफ केलं असं लिहू नका. मी नाई केलं. पण तुम्ही इचारून राह्यले का तो कसा होता, तं तो पोट्टा होता. साऱ्या गावाले माहीत होतं, त्याच्या मायलेबी माहीत होतं. त्याचा बाप गेला हे माह्या ध्यानात होतं. मले हशा पाहिजे होता. मी त्याच्यावरच झडती काऊन म्हटली? मोठ्या माणसावर अशी झडती कोणी म्हणते का?"

न्यायमूर्ती थांबले. सरकारी वकील खाली बघत राहिले. मी खाली बसले. मागून हुंदका आला तो नत्थूजींचा. छायाताई सरळ बसल्या होत्या, ओठ घट्ट मिटून.

दोषसिद्धी कायम राहिली. राहायलाच हवी होती. शिक्षा मात्र तोवर भोगलेल्या काळाइतकी कमी झाली, आणि हेमराजला भरपाई द्यायचा हुकूम झाला, जी छायाताईंनी कोणी मागण्याआधीच जमवायला घेतली होती. निकालात एक वाक्य होतं: कुटुंबाचा भार वाहतो म्हणून मूल प्रौढ होत नाही. ते मी मराठीत करून छायाताईंना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे तेरवीले कोणी सांगतलं असतं तं?" मग स्वतःच म्हणाल्या, "ऐकलं नसतं मी."

सुटकेच्या दिवशी त्या तुरुंगाच्या फाटकापाशी माझ्याआधी पोहोचल्या होत्या. हातात डबा. शेजारी नत्थूजी, आणि त्यांच्या काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी. मी ओळखलं. नवं पागोटं. घरचा माणूस परत येतो आहे, तर मानाने न्यावा, असा त्यांचा साधा विचार. त्यात खोट नव्हती.

छायाताईंनीही ओळखलं. "दादा, ते गाडीत ठेव," त्या म्हणाल्या.

"अवं पण—"

"ठेव म्हणतो ना."

त्यांनी ठेवलं.

अंकुश बाहेर आला. बावीस वर्षांचा, खांदे मागे, मिशी पिळलेली. आईच्या पाया पडला, मामाच्या पडला, मला हात जोडले. डोळे कोरडे. मग कमरेवर हात ठेवून रस्त्याच्या कडेला उभा राहिला आणि त्या जाड आवाजात विचारलं, "माय, पऱ्हाटी किती लावली औंदा? वरच्या धुऱ्यावर कोणी नांगर तं नाई घातला? हेमराजच्या घरी मले आजच जा लागते—"

"हेमराजकडे उद्या जाऊ. दोघं जाऊ," छायाताई म्हणाल्या. "शेताचं मी पाहीन. धुऱ्याचंबी मीच पाहीन. तू सांग, तुले भूक लागली का?"

हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता, किंवा फार वर्षांत विचारला नव्हता. पहिलं ताट त्याचंच असायचं, पण ते मानाचं. भूक आहे का, हे त्यात कोणी विचारत नाही. तोंड उघडून तो काहीतरी मोठ्या माणसासारखं बोलायला गेला.

"लागली," तो म्हणाला. आवाज बारीक निघाला.

छायाताई तिथेच, फाटकासमोरच्या फुटपाथवर खाली बसल्या आणि डबा उघडला. पोळ्या, आलू-वांग्याची भाजी, कांदा. तोही शेजारी मांडी घालून बसला. पहिला घास तोंडात गेला तसा तो रडायला लागला, नाक गाळत, हुंदके देत, भाजीने बरबटलेल्या हातांनी, येणारे-जाणारे थांबून बघतील असा. नत्थूजी पुढे व्हायला निघाले तर छायाताईंनी त्यांना हाताने थांबवलं.

"रडू दे त्याले," त्या म्हणाल्या, आणि त्याच्या पुढ्यातल्या झाकणात आणखी एक पोळी ठेवली.